शर्ट किती डझन न्यायचे?

1839 साली लंडनमध्ये ‘द ईस्ट इंडिया व्हॉयेजर’ नावाचे एक पुस्तक निघाले. लेखिका होत्या एमा रॉबर्ट्स. हिंदुस्थानला निघालेल्या माणसाला फक्त दहा मिनिटांचा सल्ला देते, असे त्यांनी शीर्षकातच सांगून टाकले होते. आत मात्र बोटीवरची खोली कशी निवडावी, कपडे किती घ्यावेत, काय घरीच ठेवावे याचा सविस्तर खल आहे. त्याच वर्षी त्या स्वतः इजिप्तमार्गे मुंबईला यायला निघाल्या आणि सप्टेंबर 1840 मध्ये पुण्यात वारल्या. त्यांच्या आधी कॅप्टन टॉमस विल्यमसन यांनी 1810 साली ‘ईस्ट इंडिया व्हेड-मेकम’ या दोन खंडांच्या ग्रंथात हाच विषय हाताळला होता. पुढे फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी इंग्रज गृहिणींसाठी लिहिलेल्या घरकामाच्या प्रसिद्ध पुस्तकातही प्रवासाच्या कपड्यांचा भाग आला. अशा याद्यांना इतिहासाचे साधन म्हणून आपल्याकडे फारसे कोणी हात लावत नाही. बोटींचा इतिहास लिहिताना इंजिने, कंपन्या आणि वादळे येतात. ट्रंकेत काय भरले होते हा प्रश्न किरकोळ ठरतो. मला तो किरकोळ वाटत नाही. या याद्या नीट वाचल्या तर दिसते की समुद्रप्रवासाचे सामान समुद्राने फार थोडे ठरवले. आधी ते ठरवले कपडे धुण्याच्या सोयीने, आणि ती अडचण सरल्यावर सहप्रवाशांच्या नजरेने.

सुरुवात शिडाच्या जहाजांपासून करू, कारण तिथे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध बाजूचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात केपला वळसा घालून यायला चार ते सहा महिने लागत. भाडे भरले की प्रवाशाला मिळायची ती रिकामी जागा. खोलीच्या भिंती म्हणजे बहुधा पातळ फळ्या किंवा ताणलेले कॅनव्हास, कारण प्रसंग आला तर आडोसे काढून तोफांना वाट करून द्यावी लागे. पलंग, टेबल, खुर्ची, तोंड धुण्याचे स्टँड, मेणबत्तीची काच हे सगळे प्रवाशाने विकत घेऊन चढवायचे, सुताराकडून जमिनीला ठोकून किंवा दोरांनी बांधून घ्यायचे, आणि उतरल्यावर मिळेल त्या किमतीला विकून टाकायचे. खोली वरच्या मजल्यावर घ्यावी की खालच्या, हा तेव्हाही खरा प्रश्न होता. वर उजेड आणि वारा मिळे, पण डोक्यावर खलाशांची धावपळ चाले आणि भाडेही जास्त पडे. खाली हेलकावे कमी लागत, पण समुद्र खवळला की झडपा बंद होत आणि आठवडाभर अंधार आणि कुबट वास सोसावा लागे. बोट लागणाऱ्या माणसाने मध्यभागाजवळची, खालची जागा धरावी, हे आजही सांगितले जाते. जहाज तरफेसारखे पुढेमागे झुलते आणि मध्याशी ते कमी हलते, त्यामुळे या सल्ल्याला काळाचा धक्का बसलेला नाही.

कपड्यांचे गणित त्याहून सोपे होते. गोडे पाणी पिंपांत भरून न्यायचे, ते पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते. कपडे धुवायला ते मिळत नसे, आणि खाऱ्या पाण्यात धुतलेला शर्ट नीट वाळत नाही, अंगालाही चरचरतो. म्हणून शर्ट, मोजे, रुमाल, टॉवेल डझनांच्या हिशेबाने न्यायचे, वापरलेला कपडा पिशवीत टाकायचा, आणि बोट वाटेत केपला थांबली तर तिथे, नाहीतर थेट मुंबई-कलकत्त्याच्या धोब्याकडे सगळे गाठोडे द्यायचे. पाच महिने, दमट हवा, अंघोळीला खारे पाणी: एवढ्यावर शर्टांचे डझन समजावून सांगता येतात. इथे कोणी म्हणेल की मग यादी समुद्रानेच ठरवली. या टप्प्यापुरते ते मला मान्य आहे. पण हे स्पष्टीकरण खरे असेल तर त्याची एक कसोटी घेता येते. प्रवासाचे दिवस कमी झाले की यादीही त्या प्रमाणात आखडायला हवी.

दिवस कमी झाले, आणि झपाट्याने झाले. 20 मार्च 1830 रोजी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही 411 टनांची आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. मुळात तिच्यात साडेपाच दिवसांपुरताच कोळसा मावत होता. एडनपर्यंत पुरावा म्हणून खोल्यांतसुद्धा कोळसा भरावा लागला, म्हणजे या मार्गावरच्या पहिल्या आगबोटीच्या केबिनमध्ये माणसांआधी कोळशाने प्रवास केला. तरीही ती साधारण महिन्याभराने सुएझला पोचली. पुढे अलेक्झांड्रियाहून कैरो आणि कैरोहून वाळवंट ओलांडून सुएझ असा मार्ग रुळला. त्या वाळवंटात सामान उंटावर लादले जाई, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारख्या भाराच्या लहान पेट्या न्याव्या लागत. पलंग-टेबलांचे दिवस तिथेच संपले. 17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि एकाच बोटीने मुंबईहून थेट लंडन गाठता येऊ लागले. शतकाच्या अखेरीस मुंबईहून निघालेला माणूस ब्रिंदिसी किंवा मार्सेल्सला उतरून पुढे रेल्वेने दोन आठवड्यांच्या आसपास लंडनला पोचत होता. पाच महिन्यांचे दोन-तीन आठवडे झाले, म्हणजे मुक्काम पाचव्या हिश्श्याहूनही खाली आला. ट्रंका मात्र त्या हिशेबाने कमी झाल्या नाहीत. धुण्याच्या अडचणीमुळे जी जागा शर्टांनी अडवली होती ती रिकामी झाली आणि तिच्यात संध्याकाळच्या जेवणाचे कपडे शिरले.

या काळातली केबिन जरा जवळून पाहिली पाहिजे, कारण तिच्या मापातच सल्ल्याचा अर्धा भाग दडलेला आहे. एकावर एक दोन बर्थ, समोर सोफा किंवा आणखी एक बर्थ, कोपऱ्यात तोंड धुण्याचे स्टँड, आणि एक गोल खिडकी. सामान ठेवायला खालच्या बर्थखालची फट, बस्स. म्हणून केबिनमध्ये न्यायची ट्रंक साधारण 14 इंचांहून उंच नसावी असा दंडक पडला आणि त्या मापाच्या बसक्या, लांबट ट्रंका बाजारात आल्या. सामानावर लेबले तीन प्रकारची असत: केबिनमध्ये हवे, प्रवासात लागेल, प्रवासात नको. दुसऱ्या प्रकारचे सामान खालच्या कोठारात राही आणि ते कोठार ठरल्या वेळीच उघडे. म्हणजे सुएझनंतर थंडी सुरू होणार हे लक्षात ठेवून लोकरी कपडे ‘प्रवासात लागेल’ अशा ट्रंकेत वर ठेवायचे. ते ‘नको’ असलेल्या ट्रंकेत गेले तर भूमध्य समुद्रात कुडकुडत बसायचे. न्हाणीघर केबिनला जोडून नव्हतेच. वेळ ठरवून बोळातून चालत जावे लागे, म्हणून प्रत्येक मार्गदर्शक चांगला ड्रेसिंग गाऊन आणि सपाता घ्यायला सांगतो. तांबड्या समुद्रात केबिनमध्ये झोप अशक्य होई. गोल खिडकीतून पत्र्याचे पन्हळ बाहेर काढून वारा आत वळवायचा प्रयत्न होई. तेही पुरेना तेव्हा गाद्या डेकवर नेत, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पहाटे खलाशी डेक धुवायला आले की उठून सगळ्यांसमोरून खाली जायचे. तेव्हा पायजमा अंगभर आणि नीटनेटका हवा. गाऊन आणि पायजम्याची गरज सोयीतून निर्माण झाली होती खरी, पण ते कसे असावेत हे बोळातल्या आणि डेकवरच्या लोकांनी ठरवले. (मराठी वाचकाच्या मनात बोटीची गोल खिडकी म्हटले की वेगळेच चित्र येते: 8 जुलै 1910, मार्सेल्सचे बंदर, ‘मोरिया’ बोटीच्या शौचकुपातली ती खिडकी आणि तिच्यातून समुद्रात झेपावणारे सावरकर. त्या खिडकीची रुंदी आपल्याकडे बोटीच्या कोणत्याही भागापेक्षा जास्त चर्चिली गेली आहे.)

केबिन कोणत्या बाजूची घ्यावी याचा सल्लाही याच काळात पक्का झाला. मुंबईहून इंग्लंडला जाताना अरबी समुद्रात बोट पश्चिमेकडे आणि तांबड्या समुद्रात उत्तर-वायव्येकडे जाते. डाव्या बाजूला आधी दक्षिणेचे आणि मग दुपारनंतर पश्चिमेचे ऊन येते, म्हणून उजवी बाजू बरी, परतताना डावी. श्रीमंतांच्या तिकिटांवर याची खूण छापली जाई अशी दंतकथा इंग्रजीत फार फिरते, पण तसे तिकीट आजवर कोणी दाखवलेले नाही. सल्ला मात्र सूर्याच्या चालीवर बेतलेला आहे आणि कोणालाही नकाशावर पडताळून पाहता येतो. असे मोजके सल्ले सोडले तर बाकीची यादी समुद्राच्या नावावर घालता येत नाही. त्याच तांबड्या समुद्रात, जिथे रात्री केबिनमध्ये श्वास घुसमटे, तिथेच जेवणाच्या हॉलमध्ये ताठ कॉलर आणि काळा पोशाख चढवून बसायचे. फार झाले म्हणून एक सवलत निघाली: कोट काढून ठेवायचा आणि कमरेला रुंद कमरबंद गुंडाळायचा. हवामानाला मान दिला गेला तो एवढाच.

आता हिंदी प्रवाशाकडे येऊ. त्याच्या ट्रंकेवर दोन नजरा होत्या, बोटीवरची आणि घरची. 1781 साली राघोबादादांचे वकील म्हणून हणमंतराव नावाचे ब्राह्मण इंग्लंडला गेले, तेव्हा सोवळे सांभाळून स्वयंपाक करता यावा म्हणून एडमंड बर्क यांनी आपल्या घराच्या आवारातले काचघर त्यांना दिले. 1902 साली जयपूरचे महाराज माधोसिंग सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून ‘ऑलिंपिया’ बोटीने निघाले. सोबत गंगाजलाने भरलेले, पाच फुटांहून उंच असे चांदीचे रांजण होते. घरच्या नजरेने भरलेले याहून वजनदार सामान या मार्गावर गेले असेल असे मला वाटत नाही. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा वेष आणि आहार बदलणार नाही असे त्यांनी जाहीर करून टाकले होते, आणि तो शब्द त्यांनी नेटाने पाळला. अमेरिकेच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडू लागल्या तेव्हा त्या पायघोळ गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. बदल थंडीने करायला लावला, पण साडी सोडायची नाही ही मर्यादा घरच्या लोकांना दिलेल्या शब्दाची होती.

बोटीवरच्या नजरेचा सर्वांत बोलका दाखला गांधीजींचा आहे. 4 सप्टेंबर 1888 रोजी ‘क्लाइड’ बोटीने ते मुंबईहून निघाले. आत्मकथेत त्यांनी लिहिले आहे की बोटीवर ते काळा सूट वापरत राहिले आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला, कारण पांढरे कपडे जास्त शोभतील असे त्यांना वाटले. उतरले ते सप्टेंबरच्या अखेरीस. बंदरावर पांढऱ्या कपड्यात ते एकटेच. बाकीच्यांचे पाहून सामान किल्ल्यांसकट ग्रिंडले कंपनीच्या माणसाकडे सोपवलेले, दिवस शनिवारचा, म्हणजे सोमवारपर्यंत दुसरा कपडा मिळण्याची आशा नाही. याच प्रवासात काटे-चमचे कसे धरायचे हे माहीत नसल्याने ते जेवणाच्या टेबलाशी फारसे गेले नाहीत. बरोबर आणलेली मिठाई आणि फळे यांवर त्यांनी बहुतेक भागवले. या हकीकतीत समुद्राचा त्रास कुठेच नाही. जो त्रास आहे तो सगळा लोकांच्या नजरेचा. पुढे 1893-94 च्या सुमारास त्यांनी विलायतेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘गाइड टू लंडन’ लिहिले, त्यात कपड्यांचा विचार खर्चाच्या हिशेबासकट केला आहे. कोणती वस्तू नसली तरी चालते हे त्यांनी इतके बारकाईने का पाहिले असेल, ते वरची हकीकत वाचल्यावर उमजते. आणि ऑगस्ट 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने दुसऱ्या वर्गातून जाताना, सोबतच्यांनी फार सामान घेतले आहे असे दिसताच त्यांनी जादा ट्रंका एडनहून परत पाठवायला लावल्या. तोच मार्ग, तोच तांबडा समुद्र, तोच माणूस. त्रेचाळीस वर्षांत बदलले होते ते एवढेच की कोणाच्या नजरेला जुमानायचे हे आता तो स्वतः ठरवत होता.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. हिंदी प्रवाशांनी कोट-कॉलर स्वखुशीने चढवली. साहेबी पोशाखामुळे बोटीवर आणि विलायतेत अपमान टळत असे, दार उघडत असे. मग त्याला नजरेची सक्ती का म्हणायचे? हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. ज्या पोशाखाने अपमान टळतो तो पोशाख पाहणाऱ्यासाठीच केलेला असतो, आणि तो करणाऱ्याला मी दोष देत नाही. दुसरा आक्षेप साधनांचा आहे. अशा पुस्तकांच्या पानांवर कपड्यांच्या दुकानदारांच्या जाहिराती असत, आणि विकणाऱ्याची यादी लांबच असणार. 1891 मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने मुंबईत शाखा काढली. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही उभी आहे. दुकानदारांनी याद्या फुगवल्या हे खरेच. पण ‘हे घेतले नाही तर चारचौघांत शोभणार नाही’ ही भीती आधी असल्याखेरीज कमरबंद कोण विकत घेतो?

खरी कसोटी मात्र अशी: त्याच बोटीवर, त्याच पाण्यात, वेगळ्या माणसांचे सामान किती होते? पी. अँड ओ.च्या बोटींवर जेवणघरात आणि केबिनमध्ये वाढपी म्हणून गोमंतकीय असत. धोबीतलावच्या आसपास गावागावांचे कूड, म्हणजे सामायिक मुक्कामाच्या जागा होत्या, तिथे ट्रंक ठेवून ते पुढच्या बोटीची वाट पाहत. डेकवर आणि इंजिनखान्यात हिंदी खलाशी असत. 1894 च्या ब्रिटिश कायद्यात गोऱ्या खलाशाला राहायला 72 घनफूट जागा ठरली होती, 1906 मध्ये ती 120 झाली. हिंदी खलाशाला 36. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच खोके डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झोपणे, बसणे आणि सामान या सगळ्यासाठी मिळणारी जागा कळेल. इंजिनखान्यातल्या माणसाला तांबड्या समुद्राचा उकाडा पहिल्या वर्गाच्या प्रवाशाहून कितीतरी जास्त सोसावा लागे आणि हिवाळ्यातल्या लंडनच्या गोदीत थंडीही जास्त. हवामानच सामान ठरवत असते तर सर्वांत मोठी ट्रंक त्याची असायला हवी होती. त्याच्यासाठी कोणी यादी छापली नाही. आपल्या कोकण बोटीचेही तसेच. डेकवरचा प्रवासी वळकटी, ट्रंक, भाकरीची शिदोरी आणि फिरकीचा तांब्या घेऊन निघे. बंदर नसलेल्या गावी पडावात उतरताना जेवढे एका हाताने धरता येईल तेवढेच सामान, दुसरा हात दोराला. तिथे सल्ला घरातले वडीलधारेच देत: खायचे पोटाशी ठेव, पांघरूण वर ठेव, पैसे कनवटीला. पावसाळ्याआधीचा समुद्र मालवणपाशीही खवळलेलाच असतो, पण त्याने कोणाच्या ट्रंकेत काळा कोट घातला नाही.

सामान माणसापासून वेगळे पाठवण्याची जी सोय या मार्गाने लावून दिली, तिची किंमत 1917 साली डॉ. आंबेडकरांना मोजावी लागली. ते मार्सेल्सहून ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने परतले. पुस्तके आणि सामान दुसऱ्या बोटीने येत होते, आणि ती बोट पाणतीराने बुडाली. त्या पेट्यांत एका विद्यार्थ्याने उपास काढून जमवलेला ग्रंथसंग्रह होता. लागणारे आणि न लागणारे असे सामानाचे दोन भाग करणारा शहाणपणाचा सल्ला युद्धकाळात असा उलटला.

8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला गेले आणि सामानाचा न्यायनिवाडा वजनकाट्याकडे गेला. 1967 मध्ये सुएझ कालवा आठ वर्षांसाठी बंद पडला तोवर या मार्गावरच्या प्रवासी बोटी विझत आल्या होत्या. आज मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझ जातात आणि मराठी माणसे परदेशांतही क्रूझची तिकिटे काढतात. या बोटींवर समुद्राचे पाणी गोडे करतात, कपडे धुऊन मिळतात, न्हाणीघर खोलीतच असते, वातानुकूलन आहे. डझनभर शर्टांची, गाऊनची, लोकरी ट्रंकेची कारणे एकेक करून संपली. आणि तरी अनेक कंपन्यांच्या सूचनांमध्ये ठरावीक संध्याकाळी औपचारिक पोशाख हवा, जेवणघरात हाफपँट चालणार नाही, अशी वाक्ये असतात. सगळी भौतिक कारणे गेल्यावर जे उरले ते पूर्वीही भौतिक नव्हते, हा माझ्या बाजूचा शेवटचा पुरावा. सहलीला जाणाऱ्याने म्हणून यादी करताना दोन ढीग वेगळे ठेवावेत. बोट लागण्याच्या गोळ्या आणि रोजची औषधे हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग केबिनच्या दाराशी यायला अजूनही काही तास जातात. इस्त्री घरीच, कारण आगीच्या भीतीने ती बोटीवर चढूच देत नाहीत. खोली मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची, पोट नाजूक असेल तर. हा पहिला ढीग बोटीचा. दुसऱ्या ढिगासाठी कंपनीला आधीच विचारावे की औपचारिक पोशाखाची संध्याकाळ सक्तीची आहे की ऐच्छिक, आणि त्या रात्री साध्या कपड्यात जेवायला दुसरी जागा उघडी असते का. बहुतेक बोटींवर ती असते.